वीस जोड्या बोंबील

माझं माहेर सातपाटीचं आणि सासर मुरब्याचं, मधी एक खाडी, भरतीला होडीनं यायचं नि ओहोटीला लुगडं वर खोचून चिखल तुडवत, म्हंजे माहेर नजरेसमोर पण जायचं म्हटलं तर अर्धा दिवस मोडतो, आणि माझा बापूस म्हणायचा, चांगुणा, तुला मुद्दाम पाण्यापल्याड दिली गो, मधी खाडी असलेली बरी. का म्हणून विचारा ना मास्तर. अहो, माझा राग! आमच्या घरातच तो, बापसाला व्हता, भावाला व्हता, मला तर जाम व्हता, आता निवलाय थोडा, थोडा म्हंजे थोडाच, हसू नका. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी सासूच्या समोर तवा आपटला नि त्याचे दोन तुकडे झाले, बिडाचा तवा हो, सासू माऊली भली, ती एवढंच म्हणाली, सूनबाय, आता भाकरी कशावर भाजशील?

तर लिहा तुमच्या शाळेच्या वहीत, मी काय फार मोठी बाई नाय. मासळीच्या टोपलीवर आयुष्य गेलं. आमचा नाखवा, म्हंजे माझा नवरा, होडी घेऊन दर्यात जायचा, अजून जातो, आणि तो बोंबील आणायचा ते मी सुकवायचे नि टोपली डोक्यावर घेऊन बोईसरला, पालघरला इकायचे. सुकवायला वलांड लागते. तुमी पाहिली असेल, किनाऱ्यावर बांबू पुरतात नि त्यांना आडवे दोर बांधतात, ती वलांड. त्या दोरावर बोंबील नुसते टाकत नाय हां, दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, त्याची जोडी झाली की ती दोरावर सोडायची, एक इकडं लोंबतो एक तिकडं. सोपं वाटतं ना? करून बघा. ओला बोंबील म्हंजे पाण्याचा गोळा, जरा जोर लावला की जबडा फाटला, मग तो दोरावर राहत नाय, वाळूत पडतो, आणि वाळू लागलेला बोंबील कोण खाणार? म्हणून वलांडीची जागा म्हंजे आमा बायांचं पोट. प्रत्येकीची जागा ठरलेली, सासूकडून सुनेकडं येते, गावकीचे पंच ती ठरवतात नि पंचच ती काढून घेऊ शकतात. माझी जागा सासूची. माझ्या जागेला लागून तुळसाची.

आता गंगीचं सांगते. गंगी माझ्या भावाची पोर. तिकडं तारापूरला बिजलीघराच्या कामाची नुसती बोलणी चालली व्हती, त्या साली तिची आई वारली, बाळंतपणात, ती नि बाळ दोघं गेली, आणि भाऊ तिला होडीत बसवून माझ्या दारात घेऊन आला. चौदा संपून पंधरावं लागलेलं. भाऊ म्हणाला, चांगुणा, माझ्यानं ही आवरत नाय. मी म्हटलं, मग माझ्यानं आवरेल असं तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, तुझ्यासारखीच हाय म्हणून आणली. मी पोरीचं बोचकं आत घेतलं.

पोर कामाला वाघीण, पण राग आला की संपलं. हातात असेल ते भिरकावणार. पाण्याची कळशी फेकली, माझा सुपारीचा अडकित्ता विहिरीत टाकला, नाखव्याला एकदा चप्पल लागली, तो बिचारा जेवत व्हता, म्हणाला, मी काय केलं? तिलाच नंतर वाईट वाटायचं, कोपऱ्यात बसून रडायची, जेवायची नाय. मी मारली तिला, खोटं कशाला सांगू, मारली. उपाशी ठेवली. देवीपुढं उभी करून शपथ घ्यायला लावली, ती शपथ तीन दिवस टिकली.

आणि मग ते झालं. तुळसानं आपली वलांड बांधताना खुंट दोन हात आमच्या बाजूला सरकवला. दोन हात म्हंजे काय, आठ-दहा जोड्यांची जागा, मी असते तर भांडले असते नि घरी आले असते. पण मी टोपली घेऊन उमरोळीला गेलेली. गंगीनं पाहिलं, बोलायला गेली, तुळसा काहीतरी टाकून बोलली, आणि या पोरीनं हातातल्या कोयतीनं तुळसाच्या वलांडीचा दोर कापला. सकाळीच लावलेले बोंबील, सगळे ओले, सगळे वाळूत. मास्तर, आमच्यात कुणाच्या वलांडीचा दोर कापणं म्हंजे जेवत्या माणसाच्या ताटाला लाथ मारणं. मी परत आले तर किनाऱ्यावर अख्खं गाव, तुळसा वाळूत बसून ऊर बडवतेय, आणि गंगी उभी, हातात कोयती तशीच, पांढरीफटक.

पंच बसले. पाटील म्हणाले, पोर बापाकडं परत धाडा, गावात नको. आता मी गप्प बसायला पाहिजे व्हतं की नाय? पण नाय, माझेही कान तापलेले. मी उभी राहिले, पदर खोचला नि म्हटलं, पोर कुठं जाणार नाय, येत्या नारळी पुनवेपर्यंत तिनं कुणावर हात उगारला की काय फेकलं तर माझी वलांडीची जागा घ्या, द्या तुळसाला! पाटील म्हणाले, चांगुणा, विचार करून बोल. मी म्हटलं, बोलले ते बोलले. घरी आले. नाखवा म्हणाला, सासूची जागा तू रागात पणाला लावलीस, आणि पोरीला सांगतेस राग आवर? खरं बोलला मेला. ओल्या बोंबलाला व्यापारी काय विचारतो, जागा गेली असती तर आमी खाल्लं काय असतं?

चार दिवस मला घास गेला नाय. पाचव्या दिवशी आमी दोघी वलांडीवर बोंबील लावत व्हतो, तेवढ्यात पलीकडनं तुळसा खोकली, मुद्दाम, आणि गंगीचे कान माझ्या डोळ्यांदेखत लाल झाले. मला वाटलं गेली जागा. पण तिच्या दोन्ही हातात बोंबील व्हते, ती लावत राहिली. पहिली जोडी फाडली, दुसरी फाडली, तिसरी, चौथी. मी ओरडणार व्हते, पण गप बसले, कसं कोण जाणे. सातवी-आठवी जोडी नीट बसली. पंधरा-सोळा झाल्या तसे तिचे हात हळू झाले, वीस झाल्या नि ती आपणहून म्हणाली, आते, ती मला मुद्दाम खोकते. नुसतं सांगितलं! फेकलं नाय, ओरडली नाय, सांगितलं. मी विचारलं, आधी का नाय सांगितलंस? तर म्हणते, आधी तोंडातून शब्दच येत नाय गो आते, कान गरम होतात नि हातच पुढं जातो, आता हात दमले म्हणून तोंड उघडलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. राग आला की डोकं चालत नाय, तेव्हा शपथ कुठली आठवते? म्हणून काय करायचं ते राग यायच्या आधीच ठरवून ठेवायचं, दर्यात जाताना नाखवा वारा फिरला तर काय करायचं ते किनाऱ्यावरच ठरवतो ना, तसं. आमी दोघींनी बसून ठरवलं. कान गरम झाले की हातातलं खाली ठेवायचं, मग ते काय पण असो. मग वलांडीकडं चालू लागायचं, मागं बघायचं नाय. वीस जोड्या लावायच्या, फाटली ती धरायची नाय. मग परत जायचं आणि ज्याच्यावर राग आलाय त्याला एकच वाक्य सांगायचं, आपल्याला काय पाहिजे ते किंवा आपल्याला काय दुखलं ते, शिवी नाय. बस, एवढंच.

नुसतं ठरवून होतंय होय? रोज सकाळी सराव. मी तुळसा व्हायचे, कमरेवर हात ठेवून गंगीला घालूनपाडून बोलायचे, काय मेली सातपाटीची, काय हे कोळशाचं पोतं, आणि ती कोयती खाली ठेवून चालू लागायची. पहिल्या दिवशी तिनं कोयती ठेवली पण माझ्या पायावर ठेवली, हे बघा, वण हाय अजून. नंतर नंतर तिला हसूच यायचं, म्हणायची, आते, तुळसाकाकी एवढं चांगलं भांडत नाय. नाखवा ओट्यावर बसून बघायचा, म्हणायचा, या घरात भांडणाची शाळा काढलीय.

आणि जमलं हो! थंडी गेली, शिमगा गेला, दोनदा-तीनदा कान तापले, पोर वलांडीवर जाऊन आली. एकदा तर दिवसातून दोन वेळा, बोंबील संपले नि पोर उभी, मी नाखव्याला म्हटलं, जा, अजून आण!

पण बघा आमा कोळणींची अक्कल. जन्म गेला किनाऱ्यावर, पण आमच्या ध्यानातच आलं नाय की पावसाळ्यात बोंबील कुठले? होड्या वर ओढल्या, दोर सोडून घरात नेले, किनाऱ्यावर नुसते खुंट राहिले. आणि मुदत नारळी पुनवेची! मी म्हटलं, गंगे, आता गो? दोन महिने मी तिला तुळसाच्या वाटेवरून जाऊ दिली नाय, पाणी आणायला मी, दळायला मी, पोरीला अंड्यासारखी जपली.

नारळी पुनव आली. सगळं गाव किनाऱ्यावर, बाया नटलेल्या, सोनेरी कागद लावलेला नारळ दर्याला द्यायचा, पाटील, पंच सगळे पुढं. गंगीच्या हातात पूजेचं ताट. मी मनात म्हणते, देवी, सूर्य मावळेपर्यंत सांभाळ. आणि तुळसा मागून येऊन उभी राहिली, पुढची जागा माझी म्हणाली, गंगी सरकली, तरी ही बया गप बसेना, म्हणाली, आईला खाऊन आली नि आता पूजेला पुढं.

मास्तर, माझ्याच हाताला खाज सुटली. मी गंगीकडं बघितलं, कान लालभडक. ताट पितळी, जड, तुळसा हाताच्या अंतरावर. मी डोळेच मिटले.

उघडले तर ताट वाळूत. फेकलेलं नाय हो, ठेवलेलं, निरांजन तसंच तेवत. पूजेचं ताट जमिनीवर, बाया अगो बाय अगो बाय करायला लागल्या, आणि गंगी पाठ फिरवून चालली, उघड्या खुंटांकडं. तिथं ना दोर ना बोंबील. ती उभी राहिली नि दोन्ही हात वर करून हवेत जोड्या लावायला लागली. जबड्यात जबडा, सोडला दोरावर. परत जबड्यात जबडा. पोरं हसली, कुणीतरी म्हणालं, येडी झाली बिचारी. पाटलांनी मला विचारलं, चांगुणा, काय करते ती? मी म्हटलं, बोंबील लावतेय. ते म्हणाले, कुठं हायेत बोंबील? मी म्हटलं, तुमाला नाय दिसायचे, मोजू द्या मला. आणि मी मोजत व्हते, मोठ्यानं, सगळ्यांदेखत, पाच, सहा, सात, आणि कधी माझा आवाज रडवेला झाला मलाच कळलं नाय.

वीस झाल्या. पोर परत आली, तुळसासमोर उभी राहिली, हात मोकळे, आणि तिचं एक वाक्य बोलली. तुळसाकाकी, माझ्या आईचं नाव काढू नको, मला अजून रडू येतं.

एवढंच. तुळसा खाली वाकली, वाळूतलं ताट तिनं स्वतः उचललं, पदरानं बूड पुसलं आणि गंगीच्या हातात दिलं, आणि म्हणाली, जा बाय, पुढं उभी राहा. माझी छाती अशी फुगली, काय सांगू तुमाला, माझ्या लग्नात फुगली नव्हती एवढी. पाटील म्हणाले, चांगुणा, जागा तुझी. मी म्हटलं, माझी व्हतीच!

त्यानंतर लोक यायला लागले हो. बिजलीघराच्या कामासाठी बोईसरला देशावरनं माणसं आली, त्यातली एक बाई माझ्याकडनं सुकट घ्यायची, ती एकदा रडायला लागली, म्हणाली, मावशी, माझा सतरा वर्षांचा पोरगा कामावर मारामाऱ्या करतो, त्याला काढून टाकतील. मी विचारलं, राग त्याच्या अंगात कुठून उठतो? मी म्हटलं, त्याला विचार. चार दिवसांनी येऊन म्हणाली, मुठी वळतात त्याच्या. मग आमी ठरवलं, मुठी वळल्या की टोपलं खाली, पाण्याच्या पिंपाकडं चालायचं, एकेक बोट धुवायचं, मग हात कोपरापर्यंत, मग एक वाक्य. प्रत्येकाचा राग वेगळ्या जागेवरून उठतो, त्याला बोंबील कशाला? परवा भेटली, म्हणाली, पोरगा अजून कामावर हाय, पण मुकादम विचारतो, हा दिवसातून कितीदा आंघोळ करतो?

आणि तुळसा! तुळसानं आपला धाकटा आणून गंगीसमोर बसवला, पंधरा वर्षांचा, बापाला उलटून मारायला धावतो. म्हणाली, गंगे, याला पण तुझ्या त्या वीस शिकव. गंगीनं आधी तिलाच विचारलं, काकी, याला चिडवायचा सराव कोण करणार? मी म्हटलं, त्याची काळजी नको, घरातच हाय!

आता बिजलीघर उभं राहत आलं, रात्री तिकडं दिवे दिसतात. गंगीचं लग्न ठरलंय, मुरब्यातच, आपल्या गावातच राहील माझी पोर. नव्या सुनेला सासूची जागा मिळते, पण तिच्या सासूला जागाच नाय. तर परवा तुळसा माझ्या ओट्यावर आली, बसली, पान खाल्लं, आणि म्हणाली, चांगुणा, ते दोन हात मी सरकवलेले ना, ते मी सोडते, तू पण तुझ्या बाजूचे सोड, पोरीची वलांड आपल्या दोघींच्या मधी बांधू. माझा नेमका आदल्या दिवशी तिच्याशी वाद झालेला, कान तापलेलेच व्हते, मी उठले, आत गेले, वीस जोड्या लावल्या हवेत, नाखवा बघून हसत व्हता, बाहेर आले नि एकच वाक्य बोलले. म्हटलं, दोन नाय, माझ्या बाजूनं चार घे.

खुंट काल पुरले, मास्तर. जाताना किनाऱ्यावरनं जा, बघून जा. तुमच्या शाळेत असं कुणी तापट असेल तर धाडा गंगीकडं, आणि देवी तुमचं भलं करो.