पायावरची आंघोळ

रत्नदीपची बायको उज्ज्वला गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्या दिवसापासून त्याच्या तान्ह्या लेकीला शेजारच्या चंद्रभागाकाकू आंघोळ घालत होत्या. उद्या काकू आपल्या मुलाकडे खोपोलीला राहायला जाणार होत्या. रत्नदीप लेकीला मांडीवर घेऊन कळंबला लसीच्या रांगेत बसला होता. शेजारी एक सासू आणि तिची सून बोलत होत्या.

"आत्या, काल बाळ पायावरून सरकलं, तवापासून आंघोळ घालायचं भ्या वाटतं."

"सरकंल नाय तर काय! तेल चोळलंस आन् तसल्याच हातांनी धरलंस. आधी हात पूस गं."

"आन् पाणी?"

"बादलीत आधी गार, मंग कढत. मंग कोपर बुडवून बघ. बोटांना काय कळतंय, भाकऱ्या उलटून मेलीत ती."

"फोन वाजला तर?"

"वाजू दे. तुजी आई काय पळून जात नाय. उठायचंच झालं तर बाळाला टॉवेलात गुंडाळून संगं ने."

"त्यापरीस तुमीच घाला ना!"

"घालीन की. पण एखाद्या दिवशी मी नसले मंग?"

रत्नदीप त्यांच्याकडे वळला.

"आजी, पुरुषाच्या पायावर राहतं का बाळ?"

म्हातारीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या लेकीकडे.

"का नाय राहणार रं? पाय जवळजवळ ठेव, मानेखाली हात घाल. भ्यालास तरी चालंल, हात तेवढा सोडू नको."

आतून लेकीच्या नावाचा पुकारा झाला. तो तिला घेऊन उठला. त्याने तिला अजून एकदाही आंघोळ घातली नव्हती.