अधिक चौदा

—छे छे, मॅडम, गाणं संपायची वाट बघायचीच नाही, तिथंच सगळे चुकतात! शेवटची चार सेकंदं उरली की पुढचं गाणं हळूच आत घ्यायचं. कोण गेलं, कोण आलं — ऐकणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. तुमच्या रेडिओवर हे हातानं करता ना? सोडा ते. माझ्या रेडिओवर सहा वर्षं हा मी लिहिलेला कॉम्प्युटरचा प्रोग्रामच करतोय, मी आपला चहा पितो. आणि आवाजाची पातळी — याचा मला खरा अभिमान, बरं का — कुणी घसा फाडून ओरडू दे, कुणी पुटपुटू दे, बाहेर जाताना सगळे सारखे. हे लिहिलं ते ताईपायी. आमची निवेदिका, माझी थोरली बहीण. ती तिच्या गावी एकटी, मी इथं — घरीच बोलायची, फाईल पाठवायची. माइक कधी खोलीच्या त्या टोकाला, कधी थेट तोंडात! हे लिहिलं आणि तिच्या फायली मी तपासायच्या सोडल्या. कशाला तपासायच्या? रेडिओ लावावा तर आवाज ठणठणीत.

भाचीही रोज ऐकायची, परदेशातून. मागच्या वर्षी म्हणाली, "मामा, आई फोन उचलत नाही, नुसते मेसेज करते. घसा म्हणे रेडिओसाठी राखून ठेवलाय. येऊन जाऊ का?" मी काय सांगावं? म्हटलं, "अगं, ऐकतेस ना रोज? वाघीण आहे ती. उगाच रजा कशाला घालवतेस?"

हा रकाना? हा... कुठल्या फाईलचा आवाज किती वाढवला, ते प्रोग्राम लिहून ठेवतो. हो, ताईच्याच फायली आहेत या. आधी अधिक दोन. मग पाच. मग नऊ. आणि हा शेवटचा, अधिक चौदा — ती गेली त्याच्या चार दिवस आधीचा. सगळं इथं लिहिलेलं होतं, मॅडम, रोजच्या रोज. मी उघडून पाहिलं ते ती गेल्यावर. मागं गाणं वाजत असायचं, धाप त्यात बुडून जायची — आणि ते गाणंही मीच घालायचो.

भाचीला यातलं काही ठाऊक नाही. काल मेसेज आलाय — मामा, आईच्या मूळ फायली पाठव, संगीत नको, नुसती आई. आता मूळच पाठवू, की वाढवून? वाढवून पाठवली तर तिला ठणठणीत आई मिळेल, आणि मी सुटेन. मी सुटेन — काय बोलून गेलो बघा.

थांबा, ऐकाच. ही ती शेवटची.

...चालू आहे. हो, चालूच आहे. स्पीकरला काही झालेलं नाही — अहो, हात काढा तिथून! वाढवू नका. तेवढाच होता. तेवढाच उरला होता तिचा आवाज, आणि असाच जाईल तो पोरीकडे... तुमचं सेटिंग मी मेल करतो. या तुम्ही आता.