खंयचो दात?

डिचोलीत दातांच्या दवाखान्याबाहेर कारापूरचं एक जोडपं माझ्या शेजारी बाकावर बसलं होतं. दार उघडून कंपाउंडर बाहेर आला.

"अनुसयाबाई तुम्हीच ना? कुठला दात काढायचा?"

"आता खंयचोच दुखणा नाय ओ."

"गो, सकाळी कडक पावाचो उंडो चावताना केवढ्यान बोंबललंस! शेजारी धावत इले."

"तेव्हा दुखत होतो. हय पाय ठेवलो आणि दुखूचो थांबलो."

"मगे अंदाजान सांग."

"गोंय राज्य झाला त्या आठवड्यात अंदाजानच सांगलंय. बरो दात गेलो, किडको ऱ्हवलो."

"बाई, असं होतं. माणूस घाबरला की डोकं आपलं आपणच अफूसारखं औषध सोडतं. तेवढा वेळ दुखणं कळत नाही."

"अफू? हिच्या डोक्यात? हिच्या म्हायारी सगळे भजनी, ओ!"

"तुमच्याही डोक्यात असते."

"म्हणान लग्नात माका काय कळाक नाय."

"तुमी गप ऱ्हवा. हय माजो आणखी एक बरो दात जातलो."

कंपाउंडर आत गेला आणि लगेच परत आला.

"डॉक्टर पणजीला गेलेत. आज दात काढणार नाहीत. सोमवारी या."

"बरा झाला, बाय माजे! चला घराक."

ती दोघं चार पायऱ्या उतरली.

"आई गे! इलो, इलो!"

"खंयचो?"

"डावो! खालचो! शेवटचो!"

कंपाउंडरने आतलं दार ढकललं.

"डॉक्टर, डावा, खालचा, शेवटचा! लवकर लिहून घ्या."