बहिणीसाठी उतरवलेलं वजन

तर मंडळी, सावरून बसा! मागं भिंतीला टेकलेत ते जरा पुढं सरका — झोप लागली तरी मला दिसली पाहिजे!

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. देणारा माणूस घाबरलेला असेल, त्याचे पाय लटपटत असतील, तर त्याचं देणं देवाच्या दारी खरं धरतात का? की छाती काढून देईल त्याचंच खरं? थांबा, लगेच मान डोलवू नका. आधी ऐका.

कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. तिथल्या पेठेत श्रीपती खैरमोडे यांचं श्रीखंडाचं दुकान. पहाटे दही बांधलेली फडकी टांगायची, पाणी निथळलं की घट्ट चक्का उरतो, त्यात साखर घालून पुरणयंत्रातून काढायचा — झालं श्रीखंड! तीस वर्षं हेच काम. आणि मंडळी, तीस वर्षं श्रीखंडाशेजारी उभा राहिलेला माणूस कसा दिसेल? माझ्याकडं काय बघता! माझं उपरण्याखाली झाकलंय. श्रीपतीचं झाकत नव्हतं.

त्याची थोरली बहीण मालन. आई लवकर गेली, तेव्हा या आक्कानंच त्याला न्हाऊ-माखू घातलं, हात धरून शाळेत नेलं. त्या आक्काची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त शुद्ध करायचं. चार तास सुई टोचून पडायचं. डॉक्टर मुजावर मॅडम म्हणाल्या, "घरातल्या कुणाची किडनी जुळते का बघू."

सगळे पाहुणे जमलेले. कुणी छताकडं बघतंय, कुणी चपला शोधतंय! आणि श्रीपती ताडकन उठला — "माझी घ्या! आजच घ्या!"

वा रे भाऊ! रक्तगट जुळला. पण मॅडमनी त्याला काट्यावर उभं केलं. किती भरला? एकशे दोन किलो!

"श्रीपतराव, असं नाही चालायचं. एवढ्या वजनावर ऑपरेशन तुमच्याच जिवाला धोक्याचं. पंच्याऐंशीच्या आत या, मग पुढचं."

आता श्रीपती लागला कामाला. कुणीतरी सांगितलं, हाय प्रोटीन योगर्ट खा, वजन झरझर उतरतं. यानं आणले डबे. आंब्याच्या चवीचा, स्ट्रॉबेरीचा, व्हॅनिलाचा! सकाळी दोन, दुपारी दोन, आणि जेवण? जेवण वेगळंच! "प्रोटीन आहे हो, औषधच ते," म्हणायचा. महिन्यानं काट्यावर उभा राहिला — एकशे तीन!

हसा, हसा! तो मात्र हसला नाही. डबा घेऊन तणतणत मॅडमकडं गेला. मॅडमनी डबा फिरवला, मागचं बारीक वाचलं.

"ह्यात साखर किती आहे वाचलीत? प्रोटीननं पोट भरल्यासारखं राहतं, खरं आहे. पण जेवण तेवढंच ठेवून वर डबे खाल्ले, तर वजन उतरेल कसं? आणि तुमचा धंदा काय?"

"श्रीखंडाचा."

"मग सकाळी फडक्यात टांगता ते काय असतं? साय काढलेल्या दुधाचा चक्का करा. साखर पडायच्या आधी एक वाटी बाजूला घ्या. एकच वाटी! किती प्रोटीन खायचं ते आम्ही सांगू. जी किडनी द्यायचीय तिच्यावर उगाच भार नको."

बघा मंडळी! जे शोधायला बाजार पालथा घातला, ते त्याच्याच दुकानात, त्याच्याच खुंटीला टांगलेलं!

मग बिनसाखरेचा चक्का, वर काकडी नि भाजलेलं जिरं. दुपारी एक भाकरी, उसळ, भाजी. संध्याकाळी घाटापर्यंत चालणं. बायको कुंदा ताट वाढायची, त्याला जास्तीचं वाढत नव्हती. पाच महिन्यांत काटा नव्वदवर आला! पेठेत लोक विचारायचे, "श्रीपतराव, ओळखू येईना की!" मालनआक्का मशीनवरून घरी आली की कुंदाला विचारायची, "किती भरला गं आज माझा भाऊ?"

आणि मग — काटा थांबला. नव्वद. पुढच्या महिन्यात एक्क्याण्णव. त्याच्या पुढं ब्याण्णव! चक्का तोच, भाकरी तीच, चालणं तेच. हे कसं?

एक दिवस दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. कुंदा डबा घेऊन आली, वाकून आत शिरली. बघते तर श्रीपती पातेल्यापाशी जमिनीवर बसलाय, आणि डावानं श्रीखंड खातोय! चव घेणं नव्हे हो. खाणं! घास गिळवत नाही तरी खातोय!

"अहो! उद्या वजन करायचंय तुमचं!"

"म्हणूनच," श्रीपती म्हणाला.

कुंदाला कळेना. "म्हणूनच म्हणजे?"

डाव पातेल्यात पडला. हा धिप्पाड माणूस, पाहुण्यांत ताडकन उठलेला, दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाला, "मला भीती वाटते गं, कुंदे. काटा उतरला की सुरी आली. पंच्याऐंशीचा आकडा जवळ आला की मी इथं येऊन बसतो. भुलीतून मी उठलोच नाही तर? आणि हे कुठल्या तोंडानं बोलू? सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलून बसलोय. आक्का तिकडं सुया टोचून घेतेय, आणि मी... मी इथं वजन वाढवतोय!"

मंडळी, इथं आपण असतो तर काय म्हणालो असतो? "लाज नाही वाटत?" असंच ना? कुंदा नाही म्हणाली. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. म्हणाली, "हे मला सांगितलंत ते बरं केलंत. आता आक्कांना सांगा. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

दुसऱ्या दिवशी श्रीपती दवाखान्यात गेला. आक्का मशीनवर होती. स्टुलावर बसला, खाली मान घालून सगळं बोलला. डाव, पातेलं, सगळं!

आक्कानं सुई नसलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. मग म्हणाली, "शिरप्या, तू एवढे दिवस एकटाच घाबरत होतास होय? वेड्या, मलाही भीती वाटते. माझी नाही, तुझी. तुला काही झालं तर कुंदाला काय तोंड दाखवू? राहू दे. लोकांना सांगू, डॉक्टरच नको म्हणाले."

बघा! सुटका झाली की नाही? तो मॅडमकडं गेला, तर त्यांनीही तेच सांगितलं — "तुम्ही नाही म्हणालात तर कारण कुणाला कळणार नाही. तो तुमचा हक्क आहे."

दार उघडं! कुणी अडवणारं नाही, कुणी बोल लावणारं नाही. आणि त्या उघड्या दारात उभं राहून श्रीपतीनं काय विचारलं असेल?

"मॅडम... घाबरत घाबरत दिली, तर चालते का?"

मॅडमचे डोळे भरले. म्हणाल्या, "श्रीपतराव, जो अजिबात घाबरत नाही ना, त्याचीच मला जास्त काळजी वाटते." आणि दोन वर्षांपूर्वी मुलाला किडनी दिलेल्या एका बाईंशी त्यांनी त्याची गाठ घालून दिली. श्रीपतीनं मनातलं सगळं विचारून घेतलं. दुखतं किती? नंतर चालता येतं का? जड उचलता येतं का? त्या बाईंनी काहीच झाकलं नाही. दुखतं म्हणाल्या.

मग पुन्हा चक्क्याची वाटी, पुन्हा घाट. दुकानात साखर चाखायचं काम कुंदाकडं गेलं — आणि गिऱ्हाईक म्हणायला लागलं, हल्ली श्रीखंड जास्त छान होतंय! चार महिने लागले. एका सकाळी काटा चौऱ्याऐंशीवर थांबला. भीती गेली होती का? नाही! पण तो काट्यावरून उतरून शटर ओढून बसला नाही. सरळ मॅडमकडं गेला.

ऑपरेशनच्या दिवशी आधी त्याला आत नेलं. दात वाजत होते, रडत होता. आक्का ट्रॉलीबरोबर दारापर्यंत हात धरून चालली. पुढचे पाच-सहा तास कुंदानं कसे काढले, त्याचं वर्णन मी काय करू! पण भाऊ शुद्धीवर आला, आणि बहिणीच्या अंगात त्याची किडनी त्याच दिवशी काम करायला लागली. दीड वर्ष घोटघोट मोजून पाणी पिणारी ती बाई काही दिवसांनी तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायली. आणि खोलीच्या दारातनं श्रीपती ओरडला, "आक्के, हळू! ठसका लागेल!"

आता सांगा. त्याचं देणं खोटं होतं? मी म्हणतो, निर्भय माणसानं दिलं असतं तर त्यानं नुसती किडनी दिली असती. श्रीपतीनं किडनीही दिली आणि स्वतःची भीतीही ओलांडली. देवानं दोन्ही धरलं!

आणि मंडळी, तुमच्या घरात आहे ना कुणीतरी? दवाखान्यात जायचं पुढं ढकलणारं? कबूल करून टाळाटाळ करणारं? त्याला आळशी म्हणता, खोटारडा म्हणता. आज घरी गेलात की त्याच्याजवळ बसा. ओरडू नका, शिकवू नका. एवढंच विचारा — "तुला कशाची भीती वाटते?" आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

चला, उचला टाळ! आवाज कापत असेल त्यानंही म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!