ग्रेचेनचे शंभर तास

(नॉर्थ डकोटातल्या एका गावाचा छोटा दवाखाना. जेवणाची सुट्टी. लोर्ना आणि ग्रेचेन, दोघी इथल्या फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट तपासून औषधं लिहिणाऱ्या.)

लोर्ना : डबा नंतर उघड. आधी हे पत्र वाच.

ग्रेचेन : मलाही आलंय परवाना बोर्डाचं.

लोर्ना : तुझ्या पत्रात 'चौकशी संपली' लिहिलंय. माझ्यात काय आहे ते बघ की.

ग्रेचेन : लोर्ना, पेशंट बसलेत बाहेर.

लोर्ना : बसू देत. मीच वाचते. 'तुम्ही सहकाऱ्याच्या नकळत तिच्या नावाने प्रशिक्षणाच्या परीक्षा दिल्या, असे तिने लेखी कळवले आहे. निकाल लागेपर्यंत तुमचा परवाना स्थगित.' नकळत, ग्रेचेन?

ग्रेचेन : मग काय लिहायचं होतं मी? एवढ्या लोकांतून तपासणीला नेमकं माझंच नाव निघालं. दोघींच्या परीक्षा एकाच कॉम्प्युटरवरून, तासाभराच्या अंतरानं. आणि रजिस्टरात माझी रजा. मी फार्गोच्या हॉस्पिटलात, नवऱ्याच्या उशाशी.

लोर्ना : खरं लिहायचं होतंस. गेल्या फेब्रुवारीत फोन कुणी केला होता? रडून रडून आवाज बसला होता तुझा. म्हणालीस, डेल काही यातून वाचत नाही, आणि परवान्यासाठी दोन वर्षांत जे शंभर तास प्रशिक्षण लागतं, त्यातले चाळीस अजून राहिलेत. परवाना गेला तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर त्याच्या उपचारांचा विमा. मी म्हटलं, तू त्याच्याजवळ बस, ते तास मी बघते. पासवर्ड तूच सांगितलास. तुमच्या म्हाताऱ्या कुत्रीचं नाव.

ग्रेचेन : आठवतंय मला.

लोर्ना : दर रविवारी चर्चमधून थेट इथे यायचे. व्याख्यान ऐकायचं, परीक्षा द्यायची माझ्या नावानं. मग तेच सगळं पुन्हा तुझ्या नावानं. नुसती उत्तरं टिपून देता आली असती. पण म्हटलं, तुझे तास खोटे असले तरी निदान कुणीतरी बसून ऐकलेले असावेत. काय वेडी होते मी.

ग्रेचेन : तुझे उपकार मी विसरले नाहीये गं.

लोर्ना : उपकार कसले? मैत्रीण होते मी तुझी. डेलच्या अंत्यविधीला आलेल्या सगळ्यांची हॅम सँडविचेस मी केली, ती काय उपकार म्हणून?

ग्रेचेन : वकील म्हणाला, दोघी बुडण्यापेक्षा एक तरी वाचू दे. तुझ्या घरी वॉल्टर आहे, त्याची शेती आहे. माझं कोण आहे आता?

लोर्ना : म्हणजे माझा नवरा जिवंत आहे, हा माझा गुन्हा.

ग्रेचेन : असं नाही म्हटलं मी.

लोर्ना : असंच म्हटलंस. आणि तो फोन होता, लेखी काही नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. मी चुकले. ते मी बोर्डासमोर सांगणारच आहे. त्याची शिक्षा होऊ दे, मी भोगीन. पण बावीस वर्षं या गावाची दुखणी बघितली मी, आणि आता किराणा दुकानात लोक कुजबुजणार, हिनं मैत्रिणीचं नाव चोरलं म्हणून. ते तू केलंस.

ग्रेचेन : मला झोप नाही गं हल्ली.

लोर्ना : मला काय सांगतेस? डॉक्टरांना सांग. चल, मी माझं सामान भरते.

ग्रेचेन : थांब ना. तुझे पेशंट आजपासून मीच बघायचेत, असं डॉक्टर म्हणाले. दोन नंबरच्या खोलीत मिसेस ओडेगार्ड बसल्यात. लघवीला जळजळ होतेय. नेहमीचं सल्फाच लिहू ना?

लोर्ना : नको. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांची. सल्फा दिलंस तर रक्तस्राव होईल. दुसरं काही लिही.

ग्रेचेन : अगं हो की. कसं राहतं गं तुझ्या लक्षात?

लोर्ना : फेब्रुवारीतल्या व्याख्यानात होतं. दोनदा ऐकलंय मी.