मऊ टाचांचं कारस्थान

हसा, हसा! माझ्या टाचा अजून लोण्यासारख्या आहेत, त्यामागे आमच्या आईचं कारस्थान आहे.

तेव्हा मी मिठाच्या खात्यात कारकून होतो, नुकतंच लग्न झालेलं. थंडीत राखेनं भांडी घासून घासून हिच्या हातांना भेगा पडल्या, रक्त यायचं. पण आईसमोर बायकोची कड घ्यायची कुणाची छाती आहे? मी आपलं म्हटलं, "आई, कोलशेतच्या मिठागरांवर फिरून टाचा फुटल्यात गं. काहीतरी करून दे."

आईनं कोकमतेलाचा गोळा खोबरेलात वितळवला, थोडं मेण घातलं आणि गार होईतो घोटून छान मऊ मलम केलं. मी वाटीसाठी हात पुढे केला, तर म्हणते, "तुला नाही जमायचं. पाय इकडे कर."

झालं! रोज संध्याकाळी ओसरीवर आई माझ्या धडधाकट टाचा चोळतेय आणि आत ही फुटक्या हातांनी भांडी घासतेय. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक दिवस आई म्हणाली, "सूनबाई, माझे हात भरून येतात. आजपासून तू चोळ."

ही खाली मान घालून बसली आणि बोटाच्या टोकावर जरासं मलम घेतलं. आईनं अख्खी वाटी तिच्यापुढे सरकवली.

"अगं, चांगलं तळहातभर घे. सावकाश चोळ, तुझ्या हातांत जिरू दे. त्याच्या टाचांना काय धाड भरलीय!"