बाटलीवरच्या रेघा

नाव किज्जा लुबोवा, वय २३ वर्षे, धंदा शिवणकाम, शिक्षण माध्यमिक दुसरीपर्यंत, राहणार न्साम्बे गाव, मित्याना रस्ता. आज बुधवारी सकाळी अकरा वाजता स्वतःहून ठाण्यावर हजर राहून सांगतो तो असा :

मयत नालोंगो ही माझी आई. वय अंदाजे ६१. तिला पोटाचा कर्करोग होता. जुळ्यांची आई म्हणून गाव तिला नालोंगोच म्हणे. जुळ्यांपैकी वास्स्वा लहानपणीच गेला. काटो हयात आहे, भाड्याची मोटारसायकल चालवतो. त्यांच्या पाठचा मी. घरात आम्ही तिघेच होतो.

फिरत्या दवाखान्याच्या सिस्टर नामुद्दू दर सोमवारी येत. मार्चपासून त्यांनी आईला मॉर्फिनचे हिरवे पाणी सुरू केले. ते पिण्याच्या पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून येते. हिरवे म्हणजे सौम्य, लाल म्हणजे दहापट कडक. दर चार तासांनी पाच मि.ली., रात्री दोनची वेळ सोडून, दुखणे जागे व्हायच्या आत द्यायचे. त्यांनी सांगितले की पहिले तीन-चार दिवस मळमळेल, मग शरीर सरावेल. मलावरोध मात्र सरत नाही, त्यासाठी पपईच्या बिया वाटून द्यायच्या. हाक मारून उठत नसेल तर औषध द्यायचे नाही, हेही सांगितले. हे सर्व मी वहीत लिहून घेतले आहे. वही सोबत आणली आहे.

आईला तीन दिवस ओकाऱ्या झाल्या, मग थांबल्या. ती अंगणात बसून शेंगा सोलू लागली.

एप्रिलमध्ये काटो मोटारसायकलवरून पडला. कंबरेला मार होता. आई म्हणाली, "त्याला दे रे एक माप. माझ्यातलंच दे." पहिले माप मीच दिले. तो ओकला. मी हसलो. संध्याकाळी त्याने पुन्हा मागितले. कंबर दुखते का, असे मी विचारले. तो म्हणाला, "दुखतं. पण आता ते दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं वाटतं." मी दिले नाही.

त्यानंतर बाटली वहीपेक्षा कमी भरू लागली. म्हणून मी प्रत्येक मापानंतर बाटलीवर पेनाने रेघ ओढून वेळ लिहू लागलो. काटो म्हणाला, "बाटली आहे की सदरा?" आई म्हणाली, "माझ्या कपाळावरही ओढ एक, शिंप्या. किती उरले ते कळेल."

रेघा सुरू केल्यापासून बाटली रेघेच्या खाली कधीच गेली नाही. मला समाधान वाटले. रंग फिका दिसत होता. उन्हामुळे असेल असे मला वाटले.

त्याच आठवड्यापासून आईचे दुखणे वाढले. सिस्टर माझी वही पाहून मात्रा वाढवत गेल्या : दहा, पंधरा, पंचवीस. मी एकही वेळ चुकवली नाही. तरी आई उशी चावत असे. या सोमवारी दुपारी सिस्टरांनी लाल बाटली दिली, तीन मि.ली., आणि उरलेली हिरवी परत नेली. लाल बाटली मी आईच्या पत्र्याच्या पेटीत, तिने स्वतःसाठी ठेवलेल्या झाडाच्या सालीच्या कापडाखाली ठेवली आणि कुलूप लावले.

सोमवारी संध्याकाळी सहाला पहिले लाल माप दिले. सातला आईला ओकारी झाली. वहीत तशी नोंद आहे : "पुन्हा ओकारी. सरावलेली असताना का?" उत्तर मी शोधले नाही. दहाला दुसरे माप दिले. मंगळवारी सकाळी सहाला तिसरे. त्यानंतर ती शांत झोपली. दहा वाजता श्वास मोजले, मिनिटाला आठ होते. हाक मारली, उठली नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा झोपली होती. वेळ चुकू नये म्हणून मी खांदा हलवून तिला उठवले. ती म्हणाली, "आज बरोबर बसलं रे, शिंप्या." मी माप पाजले. एक वाजून पन्नास मिनिटांनी श्वास बंद असल्याचे दिसले.

आईला लाल औषध दिले म्हणून मामांच्या तक्रारीवरून आज सकाळी सिस्टरांना इथे आणून बसवले आहे, असे समजले. म्हणून मी आलो. सिस्टरांची चूक नाही. त्यांनी मात्रा माझ्या वहीवरून ठरवली आणि वही खोटी होती. आई पंचवीस पीत होती, पण त्यात औषध किती आणि पाणी किती हे वहीत नाही. परत नेलेली हिरवी बाटली तपासून घ्यावी. पाणी घालताना मी काटोला पाहिलेले नाही. घरात तिसरे कोणी चालणारे नव्हते. मी रेघा ओढल्या नसत्या तर बाटली नुसती कमी झाली असती. पाणी घालायची गरज पडली नसती.

काटो कुठे आहे असे विचारल्यावरून सांगतो की, तो घरी मागच्या खोलीत दार लावून पडून आहे. कालपासून घाम, जांभया, नाक गळणे, पोटात मुरडा. तो मलेरिया म्हणतो. जमलेले लोक दुःख म्हणतात. हिरवी बाटली सोमवारी गेली, त्याचे हे होत आहे असे मला आता सांगताना वाटते.

लाल बाटली कुठे आहे असे विचारल्यावरून सांगतो की, पेटीत आहे. आज सकाळी आईला गुंडाळायला सालीचे कापड काढायचे होते. ते थोरल्याने काढायचे असते, म्हणून किल्ली मी काटोला दिली. परत घेतलेली नाही. तो घोटाने पितो. लाल आणि हिरव्यातला फरक त्याला मी सांगितलेला नाही. दुसऱ्या कोणी सांगितला असेल असे वाटत नाही.

जबाब इथेच थांबवावा अशी विनंती मी केली. साहेबांनी लिहिलेले घाईने वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे. वेळ अकरा पन्नास. सही करून मी हवालदारांच्या गाडीवर मागे बसत आहे. सिस्टर नामुद्दूंनाही सोबत घ्यावे, श्वास बंद पडल्यास काय करायचे ते त्यांना येते.

सही : कि. लुबोवा